विश्लेषण : पायथनचा प्रोग्राम नेमका कुठे अडतो? चुकीचा संदेश वाचायचा कसा?

पावसाळ्यात दर्यापूर तालुक्यातील शेतकऱ्याचे लक्ष एका आकड्याकडे असते. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरली जाते आणि पीक नुकसानीच्या पंचनाम्यांचा विषय पुढे येतो. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने मंडळनिहाय पावसाचे आकडे तपासणारा छोटा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिला. प्रोग्राम चालला, एकही चूक दाखवली नाही. पण ९ मिलिमीटर पावसाचे मंडळ अतिवृष्टीच्या यादीत आले आणि १२० मिलिमीटर पावसाचे मंडळ यादीतून गळाले. असे खरोखर होऊ शकते, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. पायथन शिकणाऱ्यांना रोज छळणाऱ्या अशा अडचणी कोणत्या, त्या ओळखायच्या कशा आणि दुरुस्त कशा करायच्या, याचा हा आढावा.

(या लेखात आकडे देवनागरीत छापले आहेत. प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये ते इंग्रजी कीबोर्डवरच्या अंकांतच टाइप करावेत. तसे का, ते पुढे येईलच.)

पायथनच का?

नेदरलँड्सचे गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९८९च्या डिसेंबरमध्ये या भाषेचे काम सुरू केले आणि १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती जाहीर झाली. नावाचा अजगराशी संबंध नाही. ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून ते घेतले आहे. भाषा मोफत आहे, लिहायला सोपी आहे, साध्या संगणकावर आणि अॅपच्या मदतीने मोबाइलवरही चालते. त्यामुळे अमरावती-अकोल्यासारख्या जिल्ह्यांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना महागडी साधने न घेता ती शिकता येते. अडचण येते ती पहिल्याच आठवड्यात. प्रोग्राम चालत नाही, पडद्यावर इंग्रजीतील लांबलचक संदेश येतो आणि ‘हे आपले काम नाही’ असे वाटू लागते. प्रत्यक्षात तो संदेश म्हणजे दुरुस्तीचा पत्ता असतो.

‘ट्रेसबॅक’ कसा वाचायचा?

चूक झाली की पायथन जो मजकूर दाखवतो त्याला ट्रेसबॅक म्हणतात. तो खालून वर वाचावा. शेवटच्या ओळीत दोन गोष्टी असतात. आधी चुकीचा प्रकार (उदाहरणार्थ नेम एरर, टाइप एरर, व्हॅल्यू एरर) आणि विसर्गचिन्हानंतर कारण. त्याच्या वरच्या ओळींत फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. ट्रेसबॅकच्या सुरुवातीलाच ‘सर्वांत अलीकडची हाक शेवटी’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द असतात. म्हणजे प्रोग्राम जिथे थांबला ती जागा सगळ्यात खाली दिसते.

एक अपवाद लक्षात ठेवावा. वाक्यरचनेची चूक म्हणजे सिंटॅक्स एरर असेल, तर दाखवलेली ओळ निर्दोष असू शकते. आधीच्या ओळीत कंस किंवा अवतरणचिन्ह बंद करायचे राहिले की पायथनला ते पुढच्या ओळीवर गेल्यावर कळते. म्हणून दाखवलेल्या ओळीसोबत तिच्या वरची ओळही तपासावी. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासून हे संदेश बरेच स्पष्ट झाले आहेत. कंस बंद केला नसेल तर तसे थेट सांगितले जाते, आणि नाव चुकले असेल तर ‘तुम्हाला हे म्हणायचे होते का?’ अशी सूचनाही अनेकदा मिळते. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांनी ती बदलली तर निम्मी डोकेदुखी कमी होते.

जुन्या पुस्तकातला प्रोग्राम का चालत नाही?

पायथन २ आणि पायथन ३ यांच्यात मोठा फरक आहे. तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि दुसऱ्या आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. पण जुनी पुस्तके, झेरॉक्स नोट्स आणि जुने व्हिडीओ अजून फिरत आहेत. त्यात ‘प्रिंट’ या आज्ञेपुढे कंस नसतो. तिसऱ्या आवृत्तीत कंस आवश्यक आहे. त्यामुळे पुस्तकातील उदाहरण जसेच्या तसे उतरवूनही सिंटॅक्स एरर येते आणि विद्यार्थी स्वतःची चूक शोधत बसतो.

व्हॉट्सअॅपवरून आलेला प्रोग्राम का बिघडतो?

याची तीन कारणे असतात. पहिले, अवतरणचिन्हे. मोबाइलवर किंवा वर्डमध्ये साधी सरळ अवतरणचिन्हे आपोआप वळणदार होतात. वाचणाऱ्याला फरक जाणवत नाही. पायथनला मात्र ती ओळखता येत नाहीत आणि ‘अवैध चिन्ह’ असा संदेश येतो. ती चिन्हे पुसून पुन्हा टाइप केली की काम होते.

दुसरे, ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा. इतर अनेक भाषांत ही जागा केवळ वाचायच्या सोयीसाठी असते. पायथनमध्ये तिला अर्थ आहे. ‘इफ’ किंवा ‘फॉर’ची ओळ अपूर्णविरामाने संपते आणि तिच्या पोटात येणाऱ्या ओळी सारख्याच अंतराने आत लिहाव्या लागतात. चार स्पेसची पद्धत सर्वमान्य आहे. मजकूर इकडून तिकडे चिकटवताना ही जागा नाहीशी होते किंवा काही ओळींत टॅब आणि काहींत स्पेस राहतात. मग इंडेंटेशन एरर किंवा टॅब एरर येते. एडिटरमध्ये टॅबऐवजी चार स्पेस टाकण्याची सोय सुरू ठेवावी आणि प्रोग्राम पाठवायचा असेल तर मजकूर न चिकटवता मूळ फाइलच पाठवावी.

तिसरे कारण जास्त फसवे आहे. आतली ओळ चुकून बाहेर आली तरी वाक्यरचना बरोबरच राहू शकते. अशा वेळी पायथन तक्रार करत नाही. प्रत्येक शेतकऱ्याची रक्कम छापायची असते आणि फक्त शेवटच्या शेतकऱ्याचीच छापली जाते, तेव्हा छापण्याची ओळ फेऱ्याच्या बाहेर गेली आहे का, हे आधी पाहावे.

पायथनला मराठी चालते का?

चालते, पण नियम समजून घ्यावे लागतात. पायथन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीत ठेवता येतात. ‘रक्कम = भाव * वजन’ ही ओळ पायथन ३ मध्ये पूर्णपणे वैध आहे. इफ, फॉर यांसारखे मूळ शब्द मात्र इंग्रजीतच लिहावे लागतात. नाव दोन ठिकाणी वेगळे लिहिले, म्हणजे एकदा ‘रक्कम’ आणि एकदा ‘रकम’, तर नेम एरर येते. पायथनसाठी ती दोन वेगळी नावे आहेत.

अंकांचे गणित आणखी वेगळे आहे. प्रोग्राममध्ये थेट देवनागरी अंक टाइप केले तर सिंटॅक्स एरर येते. पण वापरणाऱ्याने देवनागरी अंकांत भरलेला मजकूर ‘इंट’ या आज्ञेने संख्येत बदलता येतो. ‘४२००’ असे देवनागरीत लिहून दिले तरी ती बरोबर संख्या करून देते. स्वल्पविराम मात्र तिला चालत नाही. ‘७,०००’ दिले की व्हॅल्यू एरर येते. ‘१२.५’ दिले तरी तीच चूक येते, कारण ‘इंट’ फक्त पूर्णांक स्वीकारते. अपूर्णांकासाठी ‘फ्लोट’ वापरावे लागते.

प्रोग्राममध्येच ‘भाव = ७,५००’ असे स्वल्पविरामासह लिहिले तर काय होते? चूक दाखवलीच जात नाही. पायथन ती ७ आणि ५०० या दोन संख्यांची जोडी समजतो. पुढे गुणाकार केला की रकमेऐवजी आकड्यांची लांब रांग मिळते. म्हणून संख्येत स्वल्पविराम कधीही टाकू नये.

‘दर्यापूर’ अडते, ‘अमरावती’ नाही, असे का?

मराठी मजकुराच्या फाइली उघडताना हा अनुभव येतो. संगणक अक्षरे आकड्यांच्या रूपात साठवतो आणि त्याची आजची प्रचलित पद्धत यूटीएफ-८ ही आहे. विंडोजवर मात्र पायथनच्या बऱ्याच आवृत्त्या फाइल उघडताना, वेगळे सांगितले नाही तर, विंडोजची जुनी पाश्चात्त्य लिपीची सारणी वापरतात. त्या सारणीत काही जागा रिकाम्या आहेत. देवनागरीतील हलन्ताचे चिन्ह, म्हणजे जोडाक्षर तयार करणारा पाय मोडण्याचा खूणशब्द, नेमका अशाच एका रिकाम्या जागेवर पडतो. त्यामुळे ‘दर्यापूर’मधील ‘र्या’शी येताच युनिकोड डिकोड एरर येते. ‘अमरावती’ आणि ‘अकोला’ या नावांत जोडाक्षर नाही. ती अडत नाहीत. पण पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. दोन्ही लक्षणांचे मूळ एकच आणि उपायही एकच. फाइल उघडताना ‘एन्कोडिंग’ म्हणून यूटीएफ-८ स्पष्ट लिहावे.

एक्सेलमधून काढलेल्या फाइलीत सुरुवातीला एक अदृश्य खूण असू शकते. तिच्यामुळे पहिल्या रकान्याचे नाव डोळ्यांना बरोबर दिसते, पण प्रोग्रामला सापडत नाही. अशा वेळी यूटीएफ-८-सिग असे लिहावे. आणि फाइल कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर एन्कोडिंग बदलून उपयोग नाही. ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागते.

अक्षरे मोजतानाही गोंधळ होतो. ‘दर्यापूर’ची लांबी पायथनला विचारली तर उत्तर ८ येते. वाचणाऱ्याला द, र्या, पू, र अशी चारच अक्षरे दिसतात. पायथन मात्र काना, उकार आणि हलन्त वेगवेगळे मोजतो. यात चूक काही नाही. मोजण्याचे माप वेगळे आहे.

यादीत असलेले गाव सापडत का नाही?

येवदा, वडनेर गंगाई, थिलोरी, खल्लार, रामतीर्थ अशी पाच नावे यादीत आहेत आणि पाचवे नाव हवे म्हणून क्रमांक ५ मागितला, तर इंडेक्स एरर येते. पायथन ० पासून मोजतो. पाचव्या नावाचा क्रमांक ४ असतो.

नावावरून माहिती शोधताना येणारी की एरर त्याहून चिवट असते. एका फाइलीत ‘दर्यापूर’ आणि दुसरीत ‘दर्यापुर’, एकीत ‘वडनेर गंगाई’ आणि दुसरीत ‘वडनेरगंगाई’, कुठे ‘मूर्तिजापूर’ तर कुठे ‘मुर्तिजापूर’. माणूस हे एकच समजतो, पायथन नाही. नावाच्या शेवटी राहिलेली एक मोकळी जागाही पुरते. ‘स्ट्रिप’ वापरून आधी कडेच्या जागा काढाव्यात, नावांची एक प्रमाण यादी करावी आणि मजकूर तपासताना ‘रेपर’ ही आज्ञा वापरून तो छापावा. ती अवतरणचिन्हांसह छापते, त्यामुळे कडेची जागा दिसून येते.

संदेश न देणारी चूक कशी पकडायची?

आता सुरुवातीच्या उदाहरणाकडे. कीबोर्डवरून ‘इन्पुट’ने घेतलेली किंवा सीएसव्ही फाइलीतून साध्या पद्धतीने वाचलेली प्रत्येक गोष्ट पायथनसाठी मजकूर असते, संख्या नाही. दोन मजकुरांची तुलना शब्दकोशाप्रमाणे, पहिल्या चिन्हापासून होते. ‘९’ हे चिन्ह ‘६’च्या नंतर येते, म्हणून मजकूर म्हणून ‘९’ हा ‘६५’पेक्षा मोठा ठरतो. ‘१२०’ची सुरुवात ‘१’ने होते, म्हणून तो ‘६५’पेक्षा लहान ठरतो. कोरडे मंडळ यादीत येते आणि बुडालेले मंडळ बाहेर राहते, ते यामुळे. दोन्ही बाजू संख्येत बदलल्या की उत्तर सुधारते. मर्यादेचा आकडा संख्या आणि पावसाचा आकडा मजकूर असता, तर पायथनने टाइप एरर देऊन थांबवले असते. दोन्ही मजकूर असल्यानेच चूक लपली.

असाच धोका मोजमापाच्या एककात असतो. कापसाचा भाव क्विंटलला आणि वजन किलोत असेल, तर आधी १०० ने भागावे लागते. समजा, भाव क्विंटलला ७,००० रुपये आणि वजन १,२४० किलो आहे. बरोबर रक्कम ८६,८०० रुपये. भागायचे राहिले तर ८६,८०,००० रुपये. पायथन दोन्ही गणिते सारख्याच निर्विकारपणे करतो. अशी चूक नवशिक्यांपुरती नसते. ‘नासा’चे मंगळाकडे गेलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी हातचे गेले, कारण जमिनीवरील एका सॉफ्टवेअरचे आकडे ब्रिटिश एककात होते आणि पुढच्या यंत्रणेला ते मेट्रिक एककात अपेक्षित होते. उपाय साधा आहे. नावातच एकक लिहावे. ‘वजन_किलो’ आणि ‘भाव_क्विंटल’ अशी नावे असली की गुणाकार करतानाच विसंगती दिसते.

पैशांच्या हिशेबात पैसा इकडेतिकडे का होतो?

पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर ०.३०००००००००००००००४ असे उत्तर मिळते. संगणक संख्या द्विमान पद्धतीत साठवतो आणि एक दशांश त्या पद्धतीत नेमका लिहिता येत नाही, जसे एक तृतीयांश दशांश पद्धतीत नेमका लिहिता येत नाही. म्हणून दोन अपूर्णांक ‘समान आहेत का’ असे थेट तपासू नये. ‘राउंड’ या आज्ञेचेही वेगळेपण आहे. ती २.५ चे २ करते आणि ३.५ चे ४. नेमका अर्धा आला की जवळची सम संख्या निवडते. शाळेत शिकलेला ‘अर्धा आला की वर’ हा नियम इथे लागू नाही. पैशांचा हिशेब पूर्ण पैशांत ठेवावा किंवा पायथनसोबतच येणारे ‘डेसिमल’ वापरावे, आणि त्यात संख्या अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून द्यावी.

इन्स्टॉल केलेले मॉड्यूल सापडत का नाही?

‘पिप’ने मॉड्यूल घेतले तरी ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ येते, याचे नेहमीचे कारण म्हणजे संगणकावर दोन पायथन असणे. मॉड्यूल एकात जाते आणि प्रोग्राम दुसऱ्यात चालतो. ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ अशी आज्ञा दिली की ज्या पायथनने ती दिली त्याच्यातच मॉड्यूल जाते. विंडोजला पायथन ओळखताच येत नसेल, तर इन्स्टॉल करताना ‘पाथ’मध्ये जोडण्याच्या चौकोनावर खूण करायची राहिलेली असते.

दुसरे कारण गमतीचे, पण फार सर्रास आढळणारे. सरावासाठी केलेल्या फाइलीला ‘रँडम’ किंवा ‘सीएसव्ही’ असे नाव दिले, तर पायथन मूळ मॉड्यूलऐवजी तीच फाइल उचलतो. फाइलचे नाव बदलले की प्रश्न सुटतो. फाइल समोर असूनही ‘फाइल नॉट फाउंड’ येत असेल तर नावाच्या शेवटी ‘.टीएक्सटी’ दोनदा लागले आहे का, आणि प्रोग्राम त्याच फोल्डरमधून चालतो आहे का, हे पाहावे.

चूक शोधण्याचा क्रम कोणता?

पहिले, संदेशाची शेवटची ओळ वाचून प्रकार ओळखावा. दुसरे, दाखवलेल्या ओळीच्या आधी संबंधित चल आणि त्याचा प्रकार छापून पाहावा. ‘टाइप’ ही आज्ञा तो मजकूर आहे की संख्या हे सांगते. तिसरे, शंभर ओळींच्या माहितीऐवजी दोन ओळी घ्याव्यात, ज्यांचे उत्तर कागदावर काढता येते. चौथे, एका वेळी एकच बदल करावा. पाचवे, प्रोग्रामची प्रत्येक ओळ काय करते ते शेजारच्या मित्राला मोठ्याने समजावून सांगावे. सांगता सांगताच चूक सापडते, हा जगभरच्या प्रोग्रामरांचा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र टाळावी. ‘ट्राय’ आणि ‘एक्सेप्ट’ वापरून सगळ्या चुका गिळून टाकल्या तर लाल अक्षरे जातात, पण चूक राहतेच. अपेक्षित चूक, उदाहरणार्थ रिकाम्या रकान्यामुळे येणारी व्हॅल्यू एरर, तेवढीच पकडावी आणि कोणती ओळ वगळली ते छापावे.

‘एआय’ला विचारले तर?

चॅटबॉट संदेशाचा अर्थ मराठीत समजावून सांगू शकतात आणि त्याचा चांगला उपयोग होतो. विचारताना संपूर्ण ट्रेसबॅक, चुकणारा भाग आणि अपेक्षित उत्तर द्यावे. नावे, मोबाइल क्रमांक, बँक खाते असा खरा तपशील काढून टाकावा. मिळालेला उपाय दोन-तीन ओळखीच्या आकड्यांवर तपासल्याशिवाय वापरू नये. ६५ मिलिमीटरचे उदाहरण इथेही लागू पडते. चाचणीत ९, ६४, ६५, ६६ आणि १२० हे पाच आकडे घातले तर मजकूर-संख्येची चूकही सापडते आणि ‘६५हून अधिक’ ऐवजी ‘६५ किंवा अधिक’ असे लिहिले गेले असेल तर तेही लगेच दिसते. प्रोग्राम चालला म्हणजे उत्तर बरोबर आले, असे नसते. ते उत्तर तपासावेच लागते.